एवढंच वाचा

नवऱ्याने अंथरूण धरल्यापासून शिंपीणबाईच्या घरी देवाच्या वचनांचा नुसता मारा चालला होता. दर रविवारी चर्चमधली उपासना उरकली की मंडळीतल्या बायका यायच्या, चपला न काढता खाटेभोवती उभ्या राहायच्या, नाकाला रुमाल लावून एकेक धीराचं वचन वाचायच्या आणि काढता पाय घ्यायच्या. पडून पडून त्याच्या पाठीला जखमा झालेल्या, पण त्याची कूस बदलायला एकीचा हात पुढे येईल तर शपथ!

आज त्यांच्यातल्या पाळकबाई, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या पत्नी, म्हणाल्या, "तुमचंच शास्त्र आणा. आधार वाटेल असं काहीतरी शोधून देते."

"मी शोधलंय की." तिने आपल्या बायबलातलं ईयोबाचं पान उघडून दिलं. "एवढंच वाचा."

पाळकबाईंनी घसा साफ करून वाचलं. ईयोबाचं सगळं गेल्यावर त्याचे मित्र आले, त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि त्याचं दुःख बघून कुणी चकार शब्द काढला नाही.

"पुढे वाचू?"

"नको. पुढे त्यांनी तोंडं उघडली आणि सगळी माती केली. मला धीर येतो तो इथपर्यंतच."

सगळ्याजणींनी फरशीकडे पाहिलं. ती सकाळीच लख्ख पुसलेली होती. मग त्यांनी आपल्या कडक इस्त्रीच्या कपड्यांकडे पाहिलं.

"पुढच्या रविवारी याहून चांगलं वचन आणते हं," पाळकबाई दारातून म्हणाल्या.

तिने एकटीनेच नवऱ्याची कूस बदलली आणि धापा टाकत खाटेला टेकून खाली बसली.

"चांगलं होतं गं ते वचन," तो म्हणाला.

"होतं ना. पण त्याला माणसं लागतात."