लिसान्द्रोशेठच्या सिमेंटचा गतिरोधक

मी गतिरोधक बोलतोय. काऊका खोऱ्यातल्या आमच्या गावात मला 'आडवा पोलीस' म्हणतात. पोलीस कसला! हातात ना दंडुका, ना शिट्टी. वरून चाकं जातात आणि मी सोसतो.

माझा जन्मच मुळी लबाडीतून झाला. रस्त्याच्या वरच्या टोकाला लिसान्द्रोशेठचा बार आहे. पूर्वी तो रात्री एकला बंद व्हायचा. मग नगरपालिकेने पहाटे पाचपर्यंतचा परवाना दिला. म्हणे, गावात पैसा खेळेल! पाचला तर्र झालेली माणसं गाडीला किल्ली लावतात आणि नेमकी त्याच वेळी कष्टाची माणसं घराबाहेर पडतात. आरेपा, म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या, भाजून विकणारी इस्मेनिया आणि तिचा नवरा आर्सेसिओ त्यातलेच. एका पहाटे मक्याच्या पिठाची गोणी घेऊन रस्ता ओलांडताना आर्सेसिओला जीपने उडवलं. तो जागीच गेला.

इस्मेनियाने गावाच्या सभेत एकच मागणी केली, "बार पहिल्यासारखा एकला बंद करा."

लिसान्द्रोशेठने डोळे पुसले. "वहिनी, आर्सेसिओ मला भावासारखा होता. पण दोष रस्त्याचा आहे हो. गतिरोधक घाला, सिमेंट माझं!"

"सिमेंटने कुणाची दारू उतरते का, शेठ?"

तिचं ऐकतो कोण? फुकटचं सिमेंट म्हटल्यावर सगळे खूश. रविवारी गाव फावडी घेऊन जमलं, कडेला कोंबडीच्या सांकोचोचं पातेलं रटरटलं, सगळ्यांनी वाट्या भरभरून रस्सा ओरपला आणि मी तयार झालो. परवान्याचं नाव कुणी काढलं नाही. तेव्हापासून मला या गावाची चीड आहे.

गेल्या महिन्यात बारमधून निघालेली पिकअप सुसाट आली. चालवणाऱ्याला ब्रेक लावायची शुद्ध कुठे होती? गाडी माझ्यावरून उडाली ती थेट बसथांब्यात शिरली. तिथे इस्मेनियाची मुलगी योर्लादिस उभी होती, नर्सिंगच्या वर्गाला निघालेली. तिचा पाय कापावा लागला.

"पट्टे नाहीत ना, दिसणार कसा हा आडवा पोलीस?" लोक माझ्यावरच घसरले. आणि लिसान्द्रोशेठ पिवळ्या रंगाचा डबा घेऊन हजर! लाज कशी वाटत नाही?

दुसऱ्या पहाटे इस्मेनियाने आपला गाडा ढकलत आणला, माझ्यावर आडवा लावला आणि शेगडी पेटवली. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न कोकलायला लागले. शेठ धावत आले.

"वहिनी, रस्ता अडवणं गुन्हा आहे!"

"असू दे. तुम्ही एकला शटर ओढा, मी गाडा हलवते."

"आणि माझी गिऱ्हाईकं घरी कशी जाणार?"

"चालत जातील. माझा नवराही चालतच होता."

तेव्हापासून ती रोज पहाटे येते. उद्या नगरपालिकेची माणसं तिचा गाडा जप्त करणार आहेत. मी पडलो सिमेंटचा, मला उठून तिच्या बाजूला उभं राहता येत नाही. तुम्हाला तर पाय आहेत. मग घरात बसून काय करताय?