मॉसची मुळं किती खोल?

महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्रमुखांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांचा जीव रानफुलांवर, विशेषतः समोर माइक असला की. त्यांच्या हाताखालच्या प्राध्यापिका बावीस वर्षं भिंगाखाली मॉस, म्हणजे दगडांवर वाढणारी मखमली वनस्पती, पाहत आल्या होत्या. सगळे त्यांना शेवाळताई म्हणत. मॉस म्हणजे शेवाळ नव्हे, हे सांगून सांगून त्यांच्या जिभेला फोड यायचे बाकी होते.

शिक्षण खात्याच्या संचालिका विभाग पाहायला येणार म्हणून प्रमुखांनी भर वर्गात 'तुलना' दाखवायचं ठरवलं. टेबलावर एकीकडे सकाळीच उपटून आणलेला गुलाबी तेरडा, दुसरीकडे ताईंच्या कपाटातला, दोन वर्षं वाळलेला मॉसचा तपकिरी तुकडा.

"ताजं आणू का, सर?" ताईंनी विचारलं.

"कशाला? फरक डोळ्यांत भरायला हवा."

संचालिका अकराऐवजी दुपारी तीनला आल्या. तोवर तेरड्याने मान टाकली होती. प्रमुखांनी घाईघाईने बाटलीतलं पाणी ओतलं. निम्मं मॉसवर सांडलं. तेरडा ढिम्म. तपकिरी तुकडा मात्र सगळ्यांदेखत उलगडला आणि हिरवागार झाला.

"अगंबाई! हे जिवंत होतं?" संचालिका खुर्चीवरून उठल्याच.

प्रमुखांनी वारा वाहील तशी पाठ दिली. "अर्थात! मॉस हा माझा जुना जिव्हाळ्याचा विषय."



"मुळं किती खोल जातात हो याची?" संचालिकांनी विचारलं.

"चांगली... वीतभर."

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं आणि बघता बघता अख्खा वर्ग हसू लागला. मॉसला मुळंच नसतात, हे पहिल्या वर्षाच्या पोरींनाही पाठ होतं.

"तुम्ही सांगा," संचालिका ताईंकडे वळल्या. ताई अर्धा तास बोलल्या. इतकं सलग त्यांना आजवर कुणी बोलू दिलं नव्हतं.

पुढच्याच महिन्यात मॉस-संशोधन केंद्र मंजूर झालं. अध्यक्ष अर्थातच प्रमुख, नियमच तसा. मात्र संचालिकांच्या पत्रात एक अट होती: नमुने गोळा करताना अध्यक्षांनी जातीने हजर राहावं.

ओढ्याकाठच्या पहिल्याच खडकावर अध्यक्ष घसरले आणि फतकल मारून बसले.

"बाई, हात द्या!"

"हलू नका, सर!" ताई ओरडल्या. "दुर्मीळ जातीवर बसलात."

त्यांनी शांतपणे नमुना ठेवायची कागदी पुडी उघडली, सरांच्या बुडाखालचा नमुना सोडवून घेतला आणि मग हात दिला.