‘ती’ म्हणजे नेमकी कोण

अबू रवाद दारात दिसले आणि माझं डोकं उठलं. अम्मानमध्ये मी लोकांचे अर्ज इंग्रजीत करून देते. हल्ली कुणाचं दुःख वाचायचंही त्राण उरत नाही.

सोबत त्यांची बायको उम्म रवाद, म्हणजे रवादची आई, होती. मुलाकडे स्वीडनला जाण्याचा तिचा अर्ज वकिलातीनं परत पाठवला होता. दुसऱ्या कुठल्याशा दुकानात, अबू रवादनी सांगितला तसा, तो घाईनं इंग्रजीत उतरवलेला. मी वाचला. ‘सीरियातल्या दरा शहरातून निघताना बायको आणि मुलगी गाडीत होत्या. गोळीबार झाला. ती तिथंच गेली.’ खाली वकिलातीचा प्रश्न होता: अर्जदार हयात आहे का?

अर्जदार माझ्यासमोर बसून चहा फुंकत होती.

“काका, ‘ती’ म्हणजे कोण?”

“अहो बाई, बायको ही बसलीय. मग गेली ती मुलगीच ना!”

“वकिलातीतल्यांना ही दिसत नाही. नुसतं ‘मुलगी’ही चालणार नाही, अर्जात दोन आहेत.”

“लुबाना माझ्याजवळ आहे. मग दुसरी.”

“दुसरीचं नाव सांगा.”

“आमच्याकडे बायकांची नावं परक्यांपुढे घेत नाहीत.”

“मग बसा इथंच!” मी फटकन बोलले आणि लगेच वाईट वाटलं.

उम्म रवादनं पेला खाली ठेवला. “रीत कसली, पोरी! लुबानाचं नाव आत्ता घेतलंच की यांनी. त्या एकीचंच तोंडात येत नाही. घरात मलाही घेऊ देत नाहीत.”

अबू रवादनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

“सुहाद,” ती म्हणाली. “लिही. सुहाद.”

मी लिहिलं. पुढे उम्म रवाद सांगत गेली तसं लिहिलं, ती नर्सिंग शिकत होती, तिचं लग्न ठरलं होतं.

“वाचून दाखव.”

मी इंग्रजीत वाचलं. उम्म रवादला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

“नाव एकदाच आलं?”

“पुढे ‘ती’ चालतं, मावशी. आता घोळ होणार नाही.”

“पण मला ती त्यात ऐकू येत नाही गं.”

इतर कुणासाठी मी हा बोजडपणा केला नसता. जिथं जिथं ‘ती’ होती तिथं सुहाद घातलं आणि पुन्हा वाचायला लागले. दोनदा नाव एकट्या माझ्याच तोंडून आलं. तिसऱ्यांदा अबू रवादही माझ्याबरोबर म्हणाले, “सुहाद.”