सकाळचा तुकडा

उरलंय: चिकन, मासे, अंडी, दूध, सकाळचा तुकडा

मटण पहिल्या महिन्यात सुटलं. मटणाच्या दुकानात राहून मटण सोडायचं म्हणजे विहिरीत उतरून कोरडं राहायचं, असं नवरा म्हणाला. तो खाणीवर डंपर चालवतो, जेवताना बोलतो आणि बोलताना जेवतो. विकायला चालतं आणि खायला चालत नाही, हे कुठलं गणित, असंही त्याने विचारलं. तिला डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, कुणी उपदेश केला नव्हता. एका दुपारी तोंडातला घास तिला हातातल्या कामासारखा लागला, एवढंच. हात धुता येतात.

उरलंय: अंडी, दूध, सकाळचा तुकडा

वस्तीत दुकानं दोन. एक सासऱ्यांचं, मटणाचं. दुसऱ्यात कोबी, बटाटे, कांदे, वाळलेले वाटाणे, डब्यातला राजमा, आणि पुढे गुरुवार आणेल ते. गुरुवार म्हणजे ट्रकवाला. दर गुरुवारी येतो म्हणून तेच नाव पडलं. पालक मागितला की पुढच्या खेपेला, म्हणतो. पुढच्या खेपेला पालक येतोही, पण पिशवीत पाणी होऊन.

ती रात्री वाटाणे भिजवते. नवरा ताटात डोकावतो.

"आज कोण आलंय? बटाटा की त्याचा धाकटा भाऊ?"

उरलंय: सकाळचा तुकडा

अंडी गेली, चहा कोरा झाला. घाटात दरड कोसळली आणि गुरुवार दोन गुरुवार आलाच नाही. सोळा दिवस कोबी. तिने तेही काढले.

पण हा तुकडा.

खाणीच्या कँटीनला रोज तीस किलो सॉसेज जातं. दुकान त्याच्यावरच उभं आहे. पहाटे खिमा होतो, मिरी, लसूण पडतो, मग सासरे मूठ भरभरून मीठ टाकतात. चाळीस वर्षं मूठच. काटा गिऱ्हाइकासाठी असतो, म्हणतात. आतड्यात भरण्याआधी चिमूटभर खिमा छोट्या तव्यावर परतायचा आणि चाखायचा. काय कमी-जास्त असेल ते तेव्हाच. एकदा भरलं की ब्रह्मदेव आला तरी मीठ काढता येत नाही.

चाखायचे सासरेच. गेल्या वर्षीच्या तापात त्यांची चव गेली, वासही गेला, आणि परत आला नाही. हे घरातल्या तिघांनाच माहीत. तेव्हापासून चाखते ती; बघणाऱ्याला वाटतं, सून काम शिकतेय. ती म्हणते, अजून थोडं. ती म्हणते, खिमा वाढवा. सासरे मान हलवतात आणि गिऱ्हाइकांना सांगतात, आमच्या हाताची चव.

सोडलं असं त्यांना कसं सांगायचं? घरात काय खाते-खात नाही ते त्यांना दिसत होतं. बायकांचं खूळ, असं म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवलं होतं. दुकानातला तुकडा त्या खुळात येत नाही असं ते धरून चालले होते, आणि तिनेही धरू दिलं होतं.

आधी ती चावून थुंकायला लागली. नळ सोडायची, आवाज झाकायची. मग तेही जड झालं.

मंगळवारी तिने तुकडा परतला. फुंकर घातली. सासरे मशीनला आतडं चढवत होते, पाठ इकडे. तिने तुकडा फडक्यात गुंडाळून खिशात टाकला.

"कसं आहे?"

"बरोबर आहे."

उरलंय:

काही नाही. नऊ वाजता क्रेट गेले. दहा वाजेपर्यंत तिला हलकं वाटत होतं. खिसा गरम होता, मग गार झाला.

एक वाजता कँटीनचा मॅनेजर क्रेट घेऊन परत आला. मागे त्याची गाडी चालूच होती. त्याने गल्ल्यावर एक स्टीलची ताटली ठेवली, त्यात दोन तळलेली सॉसेज. दोनशे माणसांचं जेवण ताटात राहिलं, असं तो म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

सासऱ्यांनी तिच्याकडे बघितलं.

मॅनेजरने ताटली तिच्यापुढे सरकवली. "वहिनी, सकाळी तुम्हीच चाखता ना? आता परत चाखा."

एक घास. गिळला की विषय संपला असता. चूक झाली, जीभ आज नीट नव्हती, उद्यापासून लक्ष देते. तिने सुरी उचलली, तुकडा कापला, आणि सुरी खाली ठेवली.

"मी चाखलं नव्हतं," ती म्हणाली. "मी हे खाणं सोडलंय. सगळं."

गाडीचं इंजीन ऐकू येत होतं. सासऱ्यांच्या मानेवरची शीर फुगली होती, पण बाहेरच्या माणसासमोर ते सुनेला बोलत नाहीत.

"मग काका, तुम्ही सांगा," मॅनेजर म्हणाला. "तुमच्या हाताचं आहे."

सासऱ्यांनी तुकडा तोंडात टाकला. चावला. फार वेळ चावला. तेव्हा तिच्या लक्षात आलं, काय बिघडलंय ते मॅनेजरने अजून सांगितलेलंच नाही. खारट की अळणी? सासऱ्यांच्या डोळ्यांनी तिचा चेहरा धरला. रोज पहाटे तिथे उत्तर असायचं. आज तिलाच माहीत नव्हतं.

ते गिळून म्हणाले, "अळणी आहे."

मॅनेजरने ताटली उचलली, परत ठेवली.

"काका, मीठ इतकं आहे की माणसं पाण्याला उठली." त्याने सासऱ्यांच्या तोंडाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "चव जाऊन किती दिवस झाले?"

"वर्ष," सासरे म्हणाले.

तो त्यांच्याकडे न बघता म्हणाला, बुधवार, गुरुवार मी कोबी-बटाट्यावर काढतो. शुक्रवारी मी स्वतः येईन, इथे, या तव्यावर. जमलं तर ठीक, नाहीतर माल शहरातून.

संध्याकाळी

सासऱ्यांनी शटर अर्ध्यावर ओढलं. आता बोलतील, म्हणून ती ओट्याला टेकून उभी राहिली. त्यांनी मिठाची बरणी आणली आणि काट्यावर कागद पसरला.

मूठ. एक्केचाळीस ग्रॅम.

मूठ. तेहेतीस.

मूठ. बावन्न. चिमूटभर मीठ कागदाबाहेर सांडलं, त्यांनी ते टिपून कागदावर ठेवलं. चोपन्न.

अकरा मुठी झाल्या. कुठलीही दुसरीसारखी नव्हती.

"म्हणजे रोज तू सावरत होतीस."

"मला माहीत नव्हतं, बाबा."

"मलाही." त्यांनी कागदाची पुडी केली. "तुझी जीभ गेली, माझी आधीच गेली. दुकानाला जीभच नाही." आणि बरणीचं झाकण लावत, "मला आधी सांगायचं होतंस."

"तुम्ही ऐकलं असतं?"

"नाही."

शुक्रवार

किलोला अठरा ग्रॅम. हे आधी दोघांनी भांडून ठरवलं होतं. मीठ तिने मोजलं. सासरे दोन्ही हात पाठीमागे धरून उभे राहिले. खिमा मळला, तवा तापला, कुणी चाखलं नाही. मॅनेजर आला, त्याने स्वतः तुकडा परतला, फुंकर घातली.

तो चावत होता. दोघं त्याच्या जबड्याकडे बघत होती.

त्याने सुरीने तव्यावरून आणखी एक तुकडा खरवडला, तोही खाल्ला.

"भरा," तो म्हणाला, आणि गाडीचं मागचं दार उघडायला गेला.

सासरे मशीनकडे वळले. वळता वळता म्हणाले, प्रमाण लिहून भिंतीला लाव.

तिने कागद घेतला. खिमा तीस किलो, मीठ पाचशे चाळीस ग्रॅम. मिरी, लसूण.

"खाली माझं नाव नको," ते म्हणाले.

तिने पेन थांबवलं. त्यांच्या हातातलं आतडं मशीनच्या नळीवर चढत नव्हतं. तिने पुढे होऊन टोक धरलं, आणि त्यांनी ते धरू दिलं.