भावकूची कबुली

पानाचं तबक भावकूच्या हातातून निसटलं आणि चुना, कात, सुपारी सगळं पाहुण्यांच्या धोतरांवर सांडलं. उचलायला तो वाकला, तो तोल जाऊन हातमागावरच आदळला.

"सकाळधरनंच घेतलीया जनू," वडगावचे आण्णाप्पा शेजाऱ्याच्या कानाशी बोलले, पण सगळ्यांना ऐकू गेलं. ते आपल्या थोरल्यासाठी भावकूच्या मुलीला, मनूला बघायला आले होते. पान न खाताच ते उठले.

भावकूनं जन्मात दारू शिवली नव्हती. शहापुरात मान खाली घालून लुगडी विणण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. पण वर्षभर त्याचे पाय झोकांड्या खात होते. बोटं बधिर झाली होती. तुटलेलं सूत सांधता येईना, सदऱ्याची गुंडी बायको लावून देई. मान वाकवली की पाठीतून झिणझिण्या थेट टाचेपर्यंत जात.

बायकोनं, नागुबाईनं, त्याला महायुद्धावरून परतलेल्या एका डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी गुडघ्याखाली हातोडी मारली. पाय ताडकन उडाला.

"मानेचे मणके झिजलेत," ते म्हणाले. "त्यांच्या आतून जाणारी दोरी चेपली गेलीय. हातापायांचं बळ तिच्यातूनच जातं."

"औशद?" नागुबाईनं विचारलं.

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

भावकूला मात्र हलकं वाटलं. निदान दारुड्याचा डाग तरी गेला. धाकट्या भावाचा, भरमूचा, खांदा धरून तो वडगावला गेला आणि डॉक्टरचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

आण्णाप्पांनी सगळं ऐकून घेतलं. "दारू असती तर सोडीवली असती रं. ह्ये तर हाडातलं दुखनं. उद्या पोरीत उतारलं तर?"

"डाक्टर म्हनला, तसं उतरत न्हाय."

"डाक्टरच्या घरात न्हाय, आमच्या घरात यायची हाय ती."



चैत्रात निपाणीचं स्थळ आलं. मुलाचे वडील जोतिबा मोकळे गृहस्थ होते. भावकू भिंत धरून बसला, ते त्यांनी पाहिलं. "पाव्हणं, पाय का वो असं पडत्यात?"

नागुबाई तोंड उघडणार, तेवढ्यात भावकू म्हणाला, "घेतो जरा. सवय हाय."

"अवो!"

"तू गप बस."

जोतिबा हसले. "खरं बोललासा, लई बरं वाटलं. आमच्यातबी हाईत असली. लगनात तेवढी नगं."

सुपारी फुटली. पाहुणे गेल्यावर मनू आतून आली. तिचे डोळे लाल झाले होते. "आप्पा, खोटं कशाला बोललासा?"

"खरं बोलून बगितलं की गं एकदा."

लग्नाच्या आदल्या दिवशी जोतिबांचा निरोप आला : आमची चार मोठी माणसं येणार, पिणाऱ्याला पुढं बसवू नका. कन्यादानाला भरमू आणि त्याची बायको बसली. भावकू मांडवाच्या शेवटच्या खांबाला टेकून उभा राहिला, शेजारी नागुबाई.

वराकडचा एक जण डोळा मिचकावत म्हणाला, "काय मामा, आजबी?"

"आज लई झाली," भावकू हसून म्हणाला. नागुबाईनं तोंड फिरवलं.

मंगलाष्टकं सुरू झाली. भावकूनं मूठभर अक्षता घेतल्या होत्या. त्या मुठीत आहेत की नाहीत ते कळेना, म्हणून त्यानं मूठ डोळ्यांपुढं धरून उघडली. सगळ्या गळून गेल्या होत्या. पुन्हा मागायला जायचं, तर पुढं जावं लागलं असतं.

"सावधान" झालं. भावकूनं मूठ पुन्हा मिटली, हात उंच केला आणि सगळ्यांबरोबर मनूच्या दिशेनं उधळला.