स्पंज विरुद्ध फडकं

चिमट्या हे नाव त्याला आत्याने दिलं होतं. लहानपणापासून कुठलीही वस्तू तो दोन बोटांच्या चिमटीतच धरायचा, मग ती शेजाऱ्यांकडून आलेली वाटी असो, धाकट्या भावाची चड्डी असो, नाहीतर स्वतःची गुणपत्रिका असो. आत्या म्हणायची, "देवाने याला दहा बोटं दिली, त्यातली सहा नुसती शोभेची." असा हा चिमट्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला परदेशी निघाला, तेव्हा घरात कुणालाच नवल वाटलं नाही. ज्याला जन्मभर नुसत्या डोळ्यांनी जंतू दिसत आले, त्याला आता ते भिंगाखाली दिसणार, एवढाच काय तो फरक.

तिकडे त्याला खोली मिळाली ती कॉलेजपासून पाच मिनिटांवर, एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. चौघांत मिळून एक स्वयंपाकघर, एक न्हाणीघर आणि एक संडास. बाकीच्या तिघांची त्याने दुसऱ्याच दिवशी मनातल्या मनात नावं ठरवून टाकली. इमारतींचे आराखडे काढायला शिकणारा आणि प्रत्येक दारातून वाकून आत येणारा, तो उंट. कायदा शिकणारी, ती वकीलीण. तिसरा दुपारी दोनला उठायचा. तो काय शिकतो हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं, बहुधा त्यालाही नसावं. तो कुंभकर्ण.

माणसं वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी देता आल्या असत्या. ती नुसती घाण होती, आणि तीही हसतमुखाने. उंट दुधाच्या बाटलीला तोंड लावून प्यायचा आणि बाटली परत फ्रिजमध्ये ठेवताना वर "हवंय का?" म्हणून विचारायचा. कुंभकर्ण जेवणाच्या टेबलावर पाय घेऊन नखं कापायचा. एकदा त्यातलं एक अर्धचंद्राकृती नख उडून चिमट्याच्या भातात येऊन पडलं. कुंभकर्ण म्हणाला, "माफ कर हं," आणि बोट घालून ते काढूनही दिलं. त्या बोटाकडे बघून चिमट्याने उरलेला भात टाकून दिला. फ्रिजच्या तळाशी एका डब्यात काहीतरी होतं. ते मुळात काय होतं हे सांगू शकणारा भाडेकरू दोन वर्षांपूर्वीच घर सोडून गेला होता. न्हाणीघराच्या जाळीवर तीन रंगांच्या केसांचा ओला गुंता बसलेला असे. त्यात आपले केस मिसळतात हे चिमट्याला सोसेना. शेवटी त्याने डोकं भादरून घेतलं.

पण या सगळ्यावर कडी केली होती ती स्वयंपाकघरातल्या स्पंजाने.

तो एके काळी पिवळा असावा. एक बाजू खरखरीत, हिरवी; दुसरी मऊ, आणि तिचा रंग सांगायला भाषा अपुरी. दाबला की त्यातून फेस आणि पाणी यांच्या मधलं काहीतरी कोमट कोमट यायचं. याच एका स्पंजाने तिथे ताटं, तवा, ओटा, शेगडी, सांडलेलं दूध आणि एकदा तर कुंभकर्णाची सायकलची घंटाही पुसली गेली होती. चिमट्या त्याला शिवत नसे. आपलं ताट तो हाताने साबण लावून धुवायचा आणि मग फडक्याने पुसायचा.

हे फडकं आईने दिलं होतं. वडिलांचं जुनं बनियन फाडून केलेलं, चांगलं मऊ सुती. घरी ताट धुतलं म्हणजे काम संपत नसे, फडकं फिरल्यावर संपे. "धुतलेलं ताट पुसल्याशिवाय वापरू नकोस," एवढं बजावून तिने ते बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवलं होतं. चिमट्या ते जिवापाड जपायचा. कुणाचा हात लागू नये म्हणून वापर झाला की घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला गाठ, पिशवी टेबलाच्या खणात आणि खणाला किल्ली. कपडे धुवायच्या यंत्रात तर ते टाकायचा प्रश्नच नव्हता. त्या यंत्रात उंट आपले कॅनव्हासचे बूट आणि अंतर्वस्त्रं एकत्र घालायचा.

सहाव्या आठवड्यात ठिणगी पडली. उंट बाहेरून आला, बुटाला लागलेला चिखल त्याने स्पंजाने पुसला, स्पंज नळाखाली धरला आणि त्यानेच तवा घासायला घेतला.

"आत्ता त्या स्पंजाने बूट पुसलास," चिमट्या म्हणाला.

"हो."

"आणि आता तवा घासतोयस."

"मधे साबण लावला ना."

त्याच तव्यावर सकाळी आपण अंडं भाजून खाल्लं, हे चिमट्याला त्याच क्षणी आठवलं. ओठ घट्ट मिटून तो सिंकपाशी उभा राहिला. टेबलाशी वाचत बसलेल्या वकीलिणीने पुस्तक मिटलं. तिला भांडण ऐकायला फार आवडायचं.

"तुझं म्हणणं काय आहे? नीट मांड."

"माझं म्हणणं असं, की तो स्पंज ही या घरातली सगळ्यात घाण वस्तू आहे आणि माझं फडकं सगळ्यात स्वच्छ. तुम्ही तिघं अजून जिवंत कसे, हेच मला कळत नाही."

"जिवंत आहोत हा आमच्या बाजूचा पुरावा झाला. तुझ्या बाजूचा?"

पुरावा आयताच चालून आला होता. प्रयोगशाळेतल्या बाईंनी त्याच आठवड्यात सगळ्यांना काम दिलं होतं. घरातून दोन नमुने आणायचे, एक स्वतःला सगळ्यात स्वच्छ वाटणाऱ्या वस्तूचा आणि एक सगळ्यात घाण वाटणाऱ्या वस्तूचा. दोन्ही काचेच्या बशांत जेलीवर लावायचे, झाकणांवर 'स्वच्छ' आणि 'घाण' अशा चिठ्ठ्या डकवायच्या, आणि काय उगवतं ते बघायचं. चिमट्याने हे सांगताच वकीलिणीने कागद घेतला आणि करार लिहिला. स्पंज हरला तर स्वयंपाकघर चिमट्याच्या ताब्यात, तो सांगेल ते नियम, तो सांगेल तशी भांडी. फडकं हरलं तर वर्षभर संडास धुवायचा तो चिमट्याने, एकट्याने.

संडासाची पाळी खरं तर सगळ्यांची होती. आतापर्यंतच्या आपल्या दोन पाळ्या चिमट्याने कुंभकर्णाला जेवू घालून टाळल्या होत्या. त्या खोलीत जाताना तो श्वास धरायचा, आणि बसल्या बसल्या मनात आकडे मोजायचा, म्हणजे डोळ्यांना इकडेतिकडे फिरायला सवड मिळू नये. तरी त्याने सही केली, आणि हसत केली. स्वयंपाकघराचे नियम त्याने आधीच लिहायला घेतले होते. त्यांची संख्या चाळीसवर गेली होती.

नमुने घेतले शुक्रवारी, निकाल मंगळवारी. सगळ्यांनी चार वाजता प्रयोगशाळेत यायचं ठरलं. चिमट्या साडेतीनलाच पोचला.

बाई बशा बाहेर काढूनच बसल्या होत्या. 'घाण' लिहिलेल्या बशीत साठसत्तर ठिपके होते, राईच्या दाण्याएवढे, पांढरे. 'स्वच्छ' लिहिलेल्या बशीत जेली दिसतच नव्हती. तिथे एक करडं-हिरवं रान माजलं होतं, मधेमधे गुलाबी चकत्या, आणि त्या सगळ्यावर कापसासारखी लव, झाकणाला टेकलेली.

"हे तू स्वच्छ म्हणून आणलंस?" बाईंनी विचारलं.

"चिठ्ठ्या उलट लागल्या असतील."

"माझ्यासमोर लावल्यास. कसलं आहे हे?"

"फडकं आहे. ताटं पुसायचं."

"धुतोस कधी?"

चिमट्याला प्रश्नच कळेना. फडक्याने धुतलेली भांडी पुसायची असतात. जे फक्त धुतलेल्या वस्तूंना लागतं, ते पुन्हा कशाला धुवायचं?

"आणि ठेवतोस कुठे?"

"पिशवीत. गाठ मारून. खणात."

"ओलं?"

त्याने मान डोलावली. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "तुमच्या घरी कोण धुतं?"

तेव्हा कुठे त्याच्या डोळ्यांसमोर गॅलरीतली दोरी आली. तिच्यावर रोज दुपारी फडकं वाळत असे. ते तिथे कसं जातं, याचा विचार करायची वेळ त्याच्यावर एकवीस वर्षांत आली नव्हती. आपण शेजाऱ्याची वाटी चिमटीत धरायचो तेव्हा मागच्या मोरीत आई दोन्ही हातांनी काय काय धरत होती, ते सगळं त्याला एकदम दिसलं, आणि त्याबरोबर आणखीही एक गोष्ट आठवली. सहा आठवडे, दिवसातून दोनदा, हे समोरचं रान त्याने स्वतःच्या हाताने आपल्या ताटावर फिरवलं होतं. उन्हाचा आला होता त्या दिवशी तर तोंडही त्या फडक्यानेच पुसलं होतं. जिभेवर काहीतरी लव आल्यासारखं त्याला वाटलं. त्याने जीभ दातांवर घासली, तर दातांनाही लव आल्यासारखी वाटली.

बाई दुसऱ्या वर्गावर निघून गेल्या. घड्याळात पावणेचार झाले होते.

प्रयोगशाळेत चिमट्या, दोन बशा आणि दोन झाकणं. चिठ्ठ्या झाकणांवर होत्या. झाकणं उचलायची, अदलाबदल करायची, झालं. अर्ध्या मिनिटाचं काम. बाई गुण देतील ते देतील, घरच्या तिघांना काय कळणार? एकीकडे वर्षभर संडास, दुसरीकडे चाळीस नियम. सज्जन माणसानेही विचार केला असता, आणि चिमट्या सज्जन असल्याचा कुणी कधी पुरावा दिला नव्हता.

त्याने हातमोजे चढवले. एकावर एक दोन जोड. 'स्वच्छ'चं झाकण चिमटीत धरलं आणि जरासं उचललं. आतली लव झाकणाला चिकटली होती. तीही उचलली गेली, तिचे लांब चिकट धागे ताणले गेले, आणि ओल्या कुत्र्याला महिनाभर पेटीत कोंडलं तर जसा येईल तसा वास त्याच्या नाकात शिरला. त्याने झाकण सोडलं, खिडकीशी पळाला आणि बाहेर डोकं काढून उभा राहिला. पुन्हा आला. पुन्हा हात पुढे केला. बोटं बशीपासून वीतभर अंतरावर थांबली आणि पुढे जाईनात. वर्षभराचा संडास डोळ्यांपुढे होता, तरी जाईनात.

चारला तिघं आले. कुंभकर्णसुद्धा वेळेवर आला होता, म्हणजे प्रसंग मोठाच. तिघांनी बशांवर वाकून चिठ्ठ्या वाचल्या.

"म्हणजे केसाळ ते तुझं?" उंटाने विचारलं.

"हो."

"आणि आमचे एवढेच ठिपके?" उंटाला थोडा अपमान वाटल्यासारखा दिसला.

"दर सोमवारी मी नवा स्पंज काढते," वकीलीण म्हणाली. "दहाचा गठ्ठा आणते, सगळे एकाच रंगाचे. तुला काय वाटलं, सहा आठवडे एकच होता?"

चिमट्याला तसंच वाटलं होतं. रविवारपर्यंत त्याचा जो रंग व्हायचा तो पाहता कुणालाही वाटलं असतं.

वकीलिणीने झाकणांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "तू इथे एकटाच होतास?"

"पाव तास."

"झाकणं बदलायला कितीसा वेळ लागला असता?"

"फार नाही."

"प्रामाणिक आहेस रे," ती म्हणाली. एवढ्या आदराने ती त्याच्याशी कधी बोलली नव्हती. उंटाने पाठीवर थाप मारली. कुंभकर्ण म्हणाला, "मी तर बदलली असती." खरं कारण सांगण्यापेक्षा प्रामाणिक ठरणं चिमट्याला सोयीचं होतं. पण उंटाचा हात ज्या जागी पडला होता ती जागा तो घरी जाईपर्यंत विसरू शकला नाही, आणि जन्मात पहिल्यांदा त्याला कळेना की अंग चोरावं ते उंटाच्या हातापासून की स्वतःच्या अंगापासून.

पहिल्या रविवारी त्याने संडास धुतला तो डोळे मिटून. त्यामुळे तो दोनदा धुवावा लागला. कडेखाली ब्रश घातल्यावर जे निघालं, ते त्याला सूक्ष्मजीवशास्त्राच्या कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं. चौघांत आपणही एक आहोत, तेव्हा यातला चौथा हिस्सा आपला, हा हिशेब मनात आला आणि त्याला दोनदा बाहेर यावं लागलं. त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या रविवारी हातमोज्यांना भोक पडलं, तेव्हा ते काढून टाकून त्याने पंजाच्या पाची बोटांनी ब्रश धरला. चिमटीत धरून त्याला जोरच येत नव्हता. रात्रीचं जेवण अर्धं गेलं.

तिसऱ्या रविवारी दोनच्या सुमारास दारावर थाप पडली.

"किती वेळ?" बाहेरून कुंभकर्णाने विचारलं.

"थांब. फरशी ओली आहे."

"घाईची आहे रे."

"मग पाय पुसून ये."

"संडासात यायला पाय पुसू?"

"आत्ताच धुतलाय मी," चिमट्या गुडघ्यांवरून उठत म्हणाला. "तुझे ते पाय मी पाहिलेत. पुसून ये."

बाहेर पायपुसण्यावर पाय घासल्याचा आवाज आला.

"दुसराही," चिमट्या म्हणाला.