ज्याचा फोटो त्याला

सीमाचा एक नेम होता. रस्त्यावर ज्याचा फोटो काढला, त्याची प्रत त्याच्याच हातात नेऊन द्यायची. पोस्टकार्डाएवढी, मॅट कागदावर, आठ दिवसांच्या आत. त्यासाठी तिच्या झोळीत शंभर पानी वही असायची. फोटो काढून झाला की ती विचारायची, "नाव काय? राहता कुठं? खोली नंबर?" आणि माणसं सांगायची. चिवडा गल्लीतल्या बाया सांगायच्या, हातगाडीवाले सांगायचे, एरवी पाहुण्यालाही धड पत्ता न देणारे म्हातारे सांगायचे. फोटो काढून नेणारे लालबागनं पुष्कळ बघितले होते, आणून देणारी ही एकटीच.

नेमाला कारण होतं. तिचा बाप दौलत ती चार वर्षांची असताना गेला. त्याचा एकच फोटो कुणीतरी काढला होता, मोर्चात, मूठ वर आणि तोंड उघडं. तो वर्तमानपत्रात छापून आला. चंपाबाईनं, सीमाच्या आईनं, तो कापून डब्यात ठेवला. पण कागद तो कागद. उघडून बघता बघता घडी विरत गेली आणि एक दिवस नेमकी दौलतच्या तोंडावरून फाटली. "ज्यानं काढला त्यानं येऊन एक दिला असता तर काय बिघडलं असतं गं?" चंपाबाई म्हणायची. रागानं नाही, कोथिंबीर महागली म्हणावं तसं.

सीमा आता अडतीस वर्षांची होती. दिवसभर लालबागच्या एका स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढायची. मान सरळ, कान दिसू देत, हसू नका. तिथून सुटली की रस्त्यावर यायची, हसणाऱ्यांचे काढायला.

त्या वर्षी ऑगस्टात वादळ दोन बाजूंनी आलं. एक समुद्राकडून आलं. वरळीच्या कोळ्यांनी होड्या वर ओढून दोरखंडांनी जखडल्या आणि शाळांना सुट्टी मिळाली. दुसरं नाक्यावरून आलं. नाक्यावरचा एक फलक रात्रीतून फाटला. वाऱ्यानं फाटला असं काहीजण म्हणाले, पण वाऱ्याला जात नसते, त्याच्यावर राग काढायचा कसा? दोन दिवसांत दोन गल्ल्या एकमेकींकडे पाठ करून बसल्या. तिसऱ्या दिवशी बंद पुकारला.

बंदच्या दिवशी सीमा कॅमेरा घेऊन निघाली तेव्हा चंपाबाई दारात आडवी उभी राहिली.

"कशाला मरायला जातीस?"

"रोज बघतात ती माणसं मला, आई. आजच तोंड लपवून बसू?"

नाक्यावर माणसं होती, पण बोलणं नव्हतं. पुलाखाली पोलिसांची गाडी उभी होती आणि सिग्नलच्या खांबावर निळी ताडपत्री अडकून फडफडत होती. शांताबाई, मालवणी बाई, कळशी काखेत धरून दोन्ही बाजूंच्या पोरांना पाणी पाजत होती. मिरच्या कुटायच्या डंकाशेजारी मसाला विकणारी कालिंदी अर्धं शटर खाली ओढून उरलेल्या अर्ध्यात वाकून उभी होती. जिन्याखालचा हेमचंद्र शिंपी शिलाई मशीनवर छत्री धरून बसला होता, स्वतः भिजत. सीमानं एकेकाचा फोटो काढला, नावं लिहून घेतली.

अडकलेल्या बसमधून ड्रायव्हरनं हाक मारली. "ओ ताई, आमचा काय गुन्हा?"

तिनं काढला. पांढऱ्या मिशीचा माणूस, खिडकीवर कोपर, डोळे मिचकावून हसणारा.

"नाव?"

"बाबुराव. आणि खोली नंबर नको, बस नंबर लिहा. दिवसभर हितंच राहतो आम्ही."

मग हर्षवर्धन आला. सीमाच्याच चाळीतला, बुधाजीचा मुलगा, चोवीस वर्षांचा, कुरियर पोचवणारा. "ताई, आपला पण काढ ना. आणि नाव लिही हां. ओळखीचा म्हणून सोडू नको, नायतर प्रत मिळायची नाय."

"लिहिलं बाबा. खोली बेचाळीस."

चौदावं नाव त्याचं.

पाच-सात मिनिटांत सगळ्यांचे फोन एकदम वाजले. आपल्या चाळीचं वाचनालय जाळलं, असा निरोप होता. खरा की खोटा ते कोण बघतंय? गर्दी उसळली. सीमानं कॅमेरा डोळ्याला लावला तो लावलाच. बोट आपसूक दाबत गेलं, काचेचा आवाज आला, कुणीतरी तिला ढकलून भिंतीशी नेलं. ती घरी आली तेव्हा पायात एकच चप्पल होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पोलीस उभे. साध्या कपड्यातले रघुवीर साहेब, मागे एक हवालदार. माणूस आवाज चढवणारा नव्हता. चंपाबाईनं पुढं केलेलं पाणीही त्यांनी घेतलं.

"ताई, कालच्या व्हिडिओत तुम्ही दिसताय. कॅमेरा आणि वही घेतलेल्या."

"दिसत असेन."

"चेहरे आमच्याकडे ढिगानं आहेत. नावं नाहीत. नेमक्या वेळी सिग्नलच्या कॅमेऱ्यावर ताडपत्री आली. तुमच्याकडे नावंही आहेत, खोली नंबरही आहेत."

चंपाबाई कोपऱ्यात तांदूळ पाखडत होती. "तुमचा बी काढला असंल की साहेब तिनं. तुमचा खोली नंबर काय?"

हवालदाराला हसू आलं, त्यानं ते खोकल्यात लपवलं. साहेब हसले नाहीत. "आजी, बसच्या ड्रायव्हरचा डावा डोळा गेला. काच आत घुसली." ग्लास त्यांनी हळूच खाली ठेवला. "उद्या अकराला येतो. वही आणि कॅमेऱ्याचं कार्ड, दोन्ही तयार ठेवा."

दुपारी बंद शटरच्या आत, स्टुडिओच्या मशीनमधून सीमानं चौदा फोटो छापून काढले. एकेक कागद गरम गरम बाहेर येत होता. शांताबाई आली, कालिंदी आली. बाबुराव आले, दोन डोळ्यांनी हसत. हर्षवर्धनचा आला, भांग पाडलेला. मग तिनं भीतीत दाबलेल्या फ्रेमा लावल्या. सहावी फ्रेम बाहेर आली आणि ती स्टुलावर बसली. धूसर गर्दी, आणि गर्दीत एकच गोष्ट लख्ख. हर्षवर्धनचा उगारलेला हात. हातात पेव्हर ब्लॉक.

संध्याकाळी ती त्याच्या मजल्यावर गेली. आत बुधाजी बातम्या लावून बसला होता. तिनं हर्षवर्धनला जिन्यावर बोलावलं आणि फोटो हातात दिला. "हा तुझा."

सवयीनं तो हसायला गेला, आणि हसू तोंडातच राहिलं. "हा मी नाय."

"शर्ट तुझा. हात तुझा. नाव तर तूच लिहायला लावलंस."

तो पायरीवर बसला. वारा जिन्याच्या जाळीतून शीळ घालत होता.

"ताई, काचेत नुसतं आभाळ दिसत होतं. आत कोण बसलंय ते दिसलंच नाय. आईशप्पत. आणि त्यांनी आपलं वाचनालय..."

"जाळलं का?"

"नाय."

"मग?"

त्यानं फोटो पालथा केला. मग म्हणाला, "पोलिसांना देणार?"

"उद्या अकराला कार्ड देणार. फोटो मी आजवर खोटा केला नाही, आता करायची नाही. पण वही देणार नाही. वही गेली तर बाकीच्या बाराजणांना एकेक करून बसवतील आणि विचारतील, हा कोण? शेजाऱ्यानं शेजाऱ्याचं नाव घ्यायचं. शांताबाईनं, हेमचंद्रनं. एकदा तसं झालं की ही गल्ली पुन्हा सांधायची नाही. तू आपल्या पायानं गेलास तर कुणाला काही विचारायला नको."

"आप्पा मरतील गं."

तिनं झोळीतून दुसरा फोटो काढला. "हा बाबुरावांचा. काच फुटायच्या आधीचा. माझा नेम तुला ठाऊक आहे, नेऊन द्यायला पाहिजे. पण माझं पाऊल उचलत नाही, हर्षा. दोन डोळ्यांचा फोटो मी त्या माणसाला कुठल्या तोंडानं देऊ?" तिनं तो त्याच्या गुडघ्यावर ठेवला. "तू दे."

आणि मागं न बघता ती जिना उतरली.

घरी चंपाबाईनं दिवा लावला होता. सीमा वही मांडीवर घेऊन बसून राहिली.

"आई, ही ठेवता येत नाही. आणि फाडली तर बाराजणांची नावं जातात. त्यांना फोटो द्यायचे राहतात."

"वाच," चंपाबाई म्हणाली.

चंपाबाईला अक्षर फारसं येत नव्हतं. लग्नाचे आहेर, वाण्याचं सामान, कुणाच्या जयंतीला कोण गायलं, सगळं तिनं जन्मभर ओवीत बांधून ठेवलं होतं. जातं गेलं, पीठ गिरणीतून यायला लागलं, पण हात रिकामा असला की तिचा उजवा पंजा अजून हवेत गोल फिरायचा. सीमा वाचत गेली. चंपाबाई डोळे मिटून, पंजा फिरवत, नाव तोंडात घोळवत गेली. बडीशेप घोळवावी तसं.

*शांता गं मालवणी, तिसऱ्या मजल्याला,*
*पाणी पाजती वाऱ्यात, वळखी-अनवळखीला.*

*कालिंदी मसाल्याची, डंकाच्या शेजारी,*
*अर्ध्या जगाला भिऊन, उभी अर्ध्या दारी.*

*हेमचंद्र शिंपीदादा, जिन्याच्या पोटाशी,*
*सोता भिजतो आणि छत्री, धरतो मशिनीशी.*

बारा नावं, बारा ओव्या. दोनदा म्हणून घेतल्या, तिसऱ्यांदा सीमाला म्हणायला लावल्या. मग वही सोड्याच्या पाण्यात गेली. शाई सुटली, बादली निळी झाली, निळीची फिकी झाली. चंपाबाईनं कागद धुण्यासारखा चुबकला आणि त्याचा लगदा पिळून परातीत ठेवला.

"हर्षाची?" सीमानं विचारलं. "बाबुरावांची?"

"त्येंची आज व्हत न्हाई," चंपाबाई म्हणाली. "आजून त्येंचं काय झालं ते कुटं ठावं हाय?"

अकराला रघुवीर साहेब आले. सीमानं कार्ड पुढं केलं. मग परात पुढं केली.

साहेबांनी लगद्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "हे काय केलंत तुम्ही? हा गुन्हा होतो, कळतंय?"

"कळतंय."

"एका माणसाचा डोळा गेलाय आणि तुम्ही नावं धुवून टाकता?"

हे लागलं तिला. रात्रभर हेच तर तीही स्वतःला विचारत होती. "ज्यानं केलं त्याचा चेहरा कार्डात आहे, साहेब. बाकीच्यांनी नुसतं नाव सांगितलं होतं, फोटो परत मिळेल म्हणून."

कोपऱ्यात तांदूळ पाखडता पाखडता चंपाबाईनं गळा सोडला. शांता आली, कालिंदी आली, बाराच्या बारा नावं साहेबांच्या कानावरून मजल्यानंबरासकट गेली. हवालदार पायानं ठेका धरू लागला. साहेबांनी एकदा वळून बघितलं. त्यांना त्यात एक म्हातारी गाताना दिसली, दुसरं काही नाही.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते ऐकत राहिले. "कोण? स्वतःहून? हॉस्पिटलमधून सरळ आला?" त्यांनी फोन खिशात टाकला. "फोटो घेऊन आलाय म्हणतात. स्वतःचाच." जाताना दारात थांबून म्हणाले, "या परातीचं उत्तर मात्र तुम्हाला द्यावं लागेल, ताई. मी विसरणार नाही."

"हो," सीमा म्हणाली.

तिसऱ्या प्रहरी बुधाजी आला. एके काळी चंपाबाईच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचा तो. गावोगावच्या जयंत्यांना दोघांनी रात्री जागवल्या होत्या. आज त्याच्या सदऱ्याची बटणं वरखाली लागली होती. त्यानं जय भीम घातला नाही. उंबऱ्यावरच बसला.

"सीमे, तू फोटो काढतीस ते परत देतीस म्हणं."

"हो, आप्पा."

"मग माझं पोरगं परत दे."

सीमाच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. बाहेर वारा पडला होता. चाळीत कुणाची तरी बादली नळाखाली भरून वाहत होती, आणि ती बंद करायला कुणी उठत नव्हतं.

"आधी इस्पितळात गेला," बुधाजी सांगू लागला, जमिनीकडे बघत. "त्या डायवरच्या हातात फोटो दिला. म्हणला, काच मी फोडली. तो बोलला न्हाई काय. फोटो उजव्या डोळ्याच्या जवळ नेऊन बघत बसला म्हणं. लई येळ. मग बायकोला म्हणला, जपून ठेव. हर्षा तितनं चौकीत गेला. मला हे सगळं दुसऱ्याच्या तोंडून कळलं. बापाला सांगून गेला न्हाई."

मग चंपाबाईचा पंजा आपसूक फिरू लागला. तिनं हळू आवाजात ओळ धरली:

*हर्षा गं बुधाजीचा, पाऊल जड झालं...*

"नाव नको घालू त्याचं!" बुधाजी एकदम ओरडला.

"समद्यांची घातली, बुधाजी."

"समद्यांनी दगूड न्हाई मारला."

"मग वगळू? येक नाव गाळून पुढं जाऊ?"

बुधाजीची बोटं उंबऱ्याच्या लाकडावर होती. ती थोडी हलली, थांबली, पुन्हा हलली. जुन्या ढोलकीवाल्याची बोटं ती, धन्याला न विचारता ताल शोधणारी. चंपाबाई ओळ तिथंच सोडून वाट बघत राहिली. दुसरी ओळ तिच्याजवळ होती की नव्हती, कुणास ठाऊक.

"घालायचं तर पुरतं घाल," बुधाजी शेवटी म्हणाला. "निम्मं नको. मारलं ते बी घाल, गेला ते बी घाल."

आणि त्यानंच ओळ पुरी केली, सुरात नाही, नुसती सांगितल्यासारखी:

*हात उगारला ज्यानं, त्यानंच दार वाजवलं.*

चंपाबाईनं ती दोनदा म्हटली. सीमानं तिसऱ्यांदा. बोटांचा ठेका तेवढा वेळ चालू होता.

मग बुधाजी गुडघ्यावर हात टेकून उठला. सीमानं चहा ठेवला होता, कप पुढं केला. त्यानं कपाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि चहा न घेताच तो गॅलरीतून निघून गेला.